मऊ झडप

सोमलिंगअप्पांच्या काळजाची एक झडप निकामी होत चालली होती. ती बदलावीच लागेल, असं औरंगाबादच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. झडपा दोन प्रकारच्या मिळत, एक धातूची आणि एक डुकराच्या अंगातून काढलेली. या वयाला दुसरी बरी, असं डॉक्टरांचं मत. पाटोद्याला परतताना एसटीत अप्पा बायकोला, शिवकांताबाईंना, म्हणाले, "गळ्यात लिंग आन् काळजात डुक्कर? कुठं फेडू हे?" धातूच्या झडपेचं नाव काढलं, तर घड्याळ गिळल्यावानी टिकटिक करीत दुकानात बसू काय, म्हणायचे.

त्यांची एकुलती एक लेक रुद्राणी पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होती. फोनवर ती समजवायची, चिडायची. अप्पा सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी तिलाच विचारायचे, तुझं काय चाललंय. एकदा ती सहज म्हणाली, "मी पण झडपाच करतेय, अप्पा. मऊ झडपा." अप्पांनी लगेच तिच्या प्रयोगशाळेचा पत्ता मागून घेतला.

पुढच्याच आठवड्यात अप्पा धपाट्यांचा डबा घेऊन पुण्याला हजर. दुकानाला कुलूप लावून आले, याचंच तिला अप्रूप. तिनं त्यांना काचेची पट्टी दाखवली. तिच्यात केसाएवढे नळ कोरलेले. त्यांत पातळ द्रव सोडायचा, वरून नक्षी कापलेल्या पडद्यातून जांभळा प्रकाश पाडायचा. प्रकाश लागेल तेवढाच द्रव थिजे आणि कागदावर अक्षर उमटावं तसा जेलीचा बारका खांब नळात छापला जाई. सोड्याचं पाणी आलं की तो फुगून वाट बंद करी, आंबट पाणी आलं की आक्रसून उघडी. स्प्रिंग नाही, मोटर नाही, वीज नाही.

अप्पा टोपी काढून सूक्ष्मदर्शकावर वाकले, ते उठेचनात.

"ह्यात जनावराचं काही न्हाई ना?"

ती हसली. "शुद्ध शाकाहारी, अप्पा."

"लई बारीक हाय पण. मोठी कवा व्हईल?"

"होईल की. काम चालूच आहे."

तिच्या कामाकडे घरातल्या कुणी असं डोळा लावून पाहिलं नव्हतं. त्या आनंदात तिनं उत्तरं देऊन टाकली. ते असं का विचारताहेत, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

त्यानंतर ऑपरेशनचा विषय निघाला की अप्पा नुसते हसायचे. थांबू थोडं, म्हणायचे. तिला तो हट्ट वाटे. संक्रांतीच्या आधी, दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांची माळ टांगता टांगता ते खाली बसले, ते उठले नाहीत.

समाधी देऊन मंडळी पांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकांताबाई लेकीजवळ येऊन टेकल्या.

"किती राहिली होती गं?"

"काय, आई?"

"तुझी झडप. पोरगी करतीय म्हणायचे, बिनजनावराची. मोठी झाली की बसवून घेतो. म्हणून तर डॉक्टरकडं जायचं सोडलं."

रुद्राणीनं हातातला पेला खाली ठेवला. थोडीच राहिली होती, असं सांगता आलं असतं. पण मग आई जन्मभर त्या थोड्याचा हिशेब करत बसली असती.

"ती काळजाची नव्हती, आई. पाणी, रक्त तपासायच्या छोट्या यंत्राची होती. त्यांना नीट सांगायला हवं होतं मी. ते विचारत होते."

शिवकांताबाईंनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बाहेर बोलू नको. सगळ्या पेठेला सांगून ठेवलंय त्यांनी. हसतील लोक त्यांना."

दुपारी शेजारच्या भिवराबाई भेटायला आल्या. रुद्राणीचे हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "तूच ना माय, बापाची झडप करीत व्हतीस?"

आईनं मान वर केली नाही.

"हो," रुद्राणी म्हणाली. "वेळ पुरला नाही."