काढणाऱ्याचं नाव

मल्हारीने छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला, खिशातलं अर्धं ब्लेड घेतलं आणि चुकलेलं नाव खरवडायला सुरुवात केली. बिल्ल्यावर 'शिंदे' छापलं होतं. गेल्या वर्षीही शिंदेच होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी शिंगणे. संगणकावर नकाशे काढण्याचं हे तिसरं वार्षिक संमेलन. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या गप्पा मारणाऱ्या या लोकांना एका माणसाचं आडनाव तीन वर्षांत धड लिहिता आलं नव्हतं. त्याने शाईचा पेन उघडला आणि खरवडलेल्या जागी 'शिंगाडे' लिहिलं. ते छापील अक्षरांपेक्षा चांगलं दिसत होतं.

चितेगावच्या कारखान्यात तो बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होता. मालक आप्पासाहेबांनी गेल्या आठवड्यात त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"बघून या, मल्हारी. सोमवारी सांगा, ड्रॉइंग बोर्ड ठेवायचे का मोडीत काढायचे."

म्हणजे ज्याची खुर्ची काढायची, त्यालाच मोजमाप घ्यायला पाठवलं होतं. या विचाराने त्याचं डोकं सकाळपासून भणभणत होतं.

त्यात दिवस तरी कसला निवडावा. काल संक्रांत झाली आणि कालच सरकारने विद्यापीठाचं नाव बदलल्याचं जाहीर केलं. शहरात कुठे गुलाल उडाला होता, कुठे दुकानं बंद होती आणि प्रत्येक चौकात पोलिसांची गाडी उभी होती. पुंडलिकनगरहून यायला तीन रिक्षावाल्यांनी नकार दिला, चौथ्याने दुप्पट भाडं घेतलं. हॉटेलच्या हॉलमध्ये अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मुंबईहून आलेल्या वक्त्याला मात्र कशाचा पत्ता नव्हता. तो टाय सावरत पडद्यासमोर उभा राहिला.

पडद्यावर एका साच्याचा नकाशा उमटला आणि मल्हारी खुर्चीत ताठ झाला. हा नकाशा त्याचा होता. एकोणऐंशी साली आठ दिवस बोर्डावर वाकून काढलेला. आप्पासाहेबांनी तो संमेलनवाल्यांना नमुना म्हणून देऊन टाकला होता आणि त्याला सांगायचंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. उजव्या कोपऱ्यात खाली नेहमीचा चौकोन होता. त्यात इंग्रजीत 'ड्रॉन बाय', म्हणजे काढणारा, या शब्दांपुढे काहीच नव्हतं. मल्हारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता समजा, तुम्हाला एखाद्या भागाचं नाव बदलायचंय," वक्ता सांगत होता. "एक ओळ टाइप करा. दोन सेकंदांत सगळीकडे बदलतं. काही त्रास नाही."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. बाकी कुणी काही बोललं नाही. या शहराला त्याच कामाला सोळा वर्षं लागली होती. वक्त्याला वाटलं, आपलं बोलणं लोकांना फार पटलं.

चहाची सुट्टी होताच मल्हारी तरातरा मागच्या टेबलाकडे गेला. संगणकापुढे तिशी ओलांडलेली एक बाई बसली होती. बिल्ल्यावर नाव होतं, आशा वाहुळे.

"हा साच्याचा नकाशा कुणी चढवला?"

"मीच. चार दिवस लागले. काही चुकलं का, सर?"

"चुकलं काय नाय. कोपऱ्यात नाव होतं, ते कुठं गेलं?"

"आमचे साहेब म्हणाले, चौकोन रिकामा ठेव." तिने मान वर केली. "तुमचा आहे?"

"व्हय. आठ दिवस पाठ मोडून काढला. माणसाचं नाव असं पुसून टाकत्यात का, ताई?"

तिची नजर त्याच्या बिल्ल्यावर गेली होती.

"हे हातानं लिहिलंय?"

"मग काय. यांना कुठं लिहिता येतंय."

तिने खणातून एक कागद काढला. त्यावर विद्यापीठाचं नवं नाव होतं, संगणकावर एकेक रेघ जोडून काढलेलं. अक्षरं काटक्या रचल्यासारखी दिसत होती.

"या सॉफ्टवेअरला मराठी येत नाही," ती म्हणाली. "उद्या आमच्या गल्लीत फलक लावायचाय आणि शहरात आज पेंटर मिळत नाही. तुम्ही लिहून द्याल? मोठं मी करून घेईन."

मल्हारीने कागद हातात घेतला.

"माझी डिग्री अकरा वर्षं तिथंच पडून आहे," ती सांगत होती. "नव्या नावाची मिळाली तरच घेईन म्हटलं होतं. म्हणून तर इथं रोजानं नकाशे चढवते."

अठ्ठ्याहत्तर साली गल्लीतले लोक असाच फलक लिहून घ्यायला एक पत्रा घेऊन मल्हारीकडे आले होते. अक्षर चांगलं, म्हणून. त्याने मन लावून लिहिलं होतं, 'मराठवाडा विद्यापीठ, नाव बदलू देणार नाही.' मजकुराचा त्याने फार विचार केला नव्हता. अक्षरांची वळणं जमली, लोकांनी वाहवा केली, यातच तो खूश होता. पुढे गावोगावच्या वस्त्या जळाल्याचं पेपरात आलं, तेव्हा त्याने पेपरची घडी घालून तो फळीवर ठेवला होता. त्याबद्दल तो कधी कुणाशी बोलला नाही.

"पूर्ण नाव लिहायचं?" त्याने विचारलं.

"पूर्ण. आता एक अक्षरही गाळायचं नाही."

त्याने टेबलावरचा ट्रेसिंग पेपर सरळ केला, पेन्सिलीने बारीक रेघा आखल्या आणि सवयीने उजव्या कोपऱ्यात छोटा चौकोनही आखला. मग शाईने लिहू लागला. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' लिहिताना तो प्रत्येक अक्षरापाशी थांबत होता. हे नाव या हाताने आजवर कधी लिहिलं नव्हतं. पुढचे दोन शब्द मात्र हाताला पाठ होते. ते त्याच्या मनात नसतानाही झरझर उतरले.

आशा शेजारी उभी राहून बघत होती. तिने 'ठ'जवळ बोट नेलं. शाई ओली होती म्हणून टेकवलं नाही.

"हा ठ मी पाहिलाय. अकरावीला होते तेव्हा कॉलेजसमोर एक पत्रा लावला होता. मजकूर वाचला की रडू यायचं. पण अक्षर असं देखणं, की रोज थांबून बघायचे. स्वतःचाच राग यायचा मला."

मल्हारीने पेनाला टोपण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा लावलं.

हॉलमध्ये पुढचं सत्र सुरू होत असल्याची घोषणा झाली. कुणीतरी तिळगुळाचं ताट पुढे केलं, ते दोघांनीही घेतलं नाही.

"खाली तुमचं नाव टाका, सर," ती चौकोन दाखवत म्हणाली. "काढणाऱ्याचं."

"राहू द्या."

"असं कसं? मघाशी तर त्याच्यावरनं भांडत होता."

"तेवढा चौकोन रिकामाच राहू द्या, ताई."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग कागदावरच्या 'ठ'कडे आणि मग बराच वेळ त्याच्या बिल्ल्याकडे.

"शिंगाडे," तिने सावकाश वाचलं. दिवसभरात त्याचं नाव कुणीतरी पहिल्यांदाच बरोबर घेतलं होतं.