शेल ठेवायचा की काढायचा

पेणच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या वृंदाताई आणि रोह्याला कंपनीत शिफ्ट करणारा त्यांचा जुना विद्यार्थी सुशील, हे दोघं मिळून गावोगावच्या शाळांसाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम चालवत होते. सुरुवातीला हौस होती. आता शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीमागच्या प्रोग्रॅममध्ये, सुरक्षेतली काही फट सापडली की सगळ्या शाळांत दुरुस्ती पोचवावी लागे. नेट नसलं की सुशील शिफ्ट सुटल्यावर तसाच कासूला नाहीतर जित्याला जाई.

"ताई, प्रत्येक मशीनवर शेल सक्तीचा कशाला?" तो पुन्हा पुन्हा विचारायचा. "शाळेत कोण उघडतंय तो? काढला तर काय बिघडणार नाय."

"तो असणारच, असं धरून बाकीचं लिहिलंय. काय अडेल ते मला सांगता येणार नाही."

या वादाचाच वृंदाताईंना कंटाळा आला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "काढून बघ. पण एकाच शाळेत."

सुशीलने जित्याजवळच्या एका शाळेतून शेल काढला. मशीन सुरू झाली, मुलं चित्रं काढत बसली. तो खुशीत घरी गेला. सोमवारी मुख्याध्यापिका अनिताबाईंचा फोन आला. प्रिंटर चालत नव्हता, अपडेट अर्ध्यावर अडकलं होतं. आणि आत शिरून दुरुस्त करावं, तर शेलच नव्हता.

दोघांनी जाऊन पेन ड्राइव्हवरून एकेका मशीनवर सिस्टिम नव्याने भरली. अनिताबाईंनी उलट चहा पाठवला. सुशील त्यानेच जास्त ओशाळला.

"तुमचंच बरोबर होतं," तो म्हणाला.

"कसलं बरोबर? प्रिंटरला शेल लागतो हे मला तरी कुठे ठाऊक होतं? तो असायचाच, म्हणून तो लागतो असं कुणी कुठे लिहिलंच नाही."

"मग आता?"

"आत्ता राहू दे. ज्या ज्या प्रोग्रॅमला तो लागतो, त्याच्यात तसं लिहीत जाऊ. सगळे झाले की सक्ती काढू."

"वर्ष जाईल, ताई."

"जाईल."

परतीच्या गाडीत सुशीलचे डोळे मिटत होते.

"शाळांचे फोन महिनाभर मी घेते," वृंदाताई म्हणाल्या. "तू कुठे जायचं नाहीस."

"व्हय," तो डोळे न उघडताच म्हणाला.

पेण आलं. गाडी त्याच्या रोह्यापर्यंतच जाणारी होती. त्याला न उठवता त्या उतरल्या.