तोंडाकडची पंगत

हिमांशूने केसाने माझा गळा कापला आणि वर पाटीवर माझंच नाव मोठ्या अक्षरांत लावलं. नाव गाळलं असतं तर मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते आणि विसरले असते. त्याने नाव ठेवलं, म्हणून आज एवढा संताप आहे.

कॉलेजपासून आम्ही एकत्र एकांकिका करतो. तो आर्किटेक्ट आहे, मी चितेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला. दिवसभर सुटे भाग तपासायचे, संध्याकाळी कंपनीच्या बसने क्रांती चौकात उतरायचं आणि तिथून चालत तालमीच्या हॉलवर जायचं. लिहिणार मी, बसवणार तो, अशी आमची वाटणी. आमच्या घरी त्याचं ताट ठरलेलं. माझी आई, मनकर्णाबाई, मला कधी विचारत नाही, पण त्याला मात्र विचारते, "आजून एक भाकर टाकू का रं?" आणि हा गृहस्थ दोन मागतो.

यंदा मी समुद्रमंथन घेतलं. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. देव-दानवांनी मिळून समुद्र घुसळला, नागाचा दोर केला, दानवांना तोंडाकडे उभं केलं आणि अमृत निघाल्यावर वाढपाच्या वेळी त्यांना हातोहात बनवलं. शाळेत हे ऐकलं तेव्हा मला प्रश्न पडला होता, की निम्मा दोर ज्यांनी ओढला त्यांना फसवणाऱ्यांना देव का म्हणायचं? बाईंनी मला खाली बसवलं होतं. मी बसले, आणि मोठी झाल्यावर तोच प्रश्न तीस हजार वर्षं पुढे नेला.

माझ्या एकांकिकेत सूर्य कधीच मागे राहिलेला आहे. माणसं दोन मोठ्या जहाजांवर राहतात आणि मध्ये एक मेलेला तारा आहे. त्याच्याभोवती उजेडाचा दोर गुंडाळून दोन्ही जहाजं त्याला ताकासारखं घुसळतात. दोराचं एक टोक भाजतं, त्याला तोंड म्हणतात. दुसरं टोक थंड, ती शेपूट. तोंडाकडच्या लोकांची कातडी पिढ्यान्‌पिढ्या करपत आलेली. शेपटीकडचे त्यांना दर वर्षी हार पाठवतात, की बघा, मानाचं टोक तुमच्याकडे आहे. शेवटी ताऱ्यातून ते निघतं, एका थेंबात मरण संपवणारं. दोन पंगती बसतात. वाढायला एक हसरं यंत्र येतं, आणि ते शेपटीकडून सुरुवात करतं. भांड्यात किती उरलंय हे तोंडाकडच्या एका बाईला दिसतं. ती उठते आणि गुपचूप पलीकडच्या पंगतीत जाऊन बसते. थेंब जिभेवर पडतो, घशात उतरण्याआधी दोन पहाऱ्याचे दिवे तिच्यावर येतात आणि मुंडकं उडतं. पण थेंब जिभेवर पडलेला, त्यामुळे मुंडकं मरत नाही. ते आपल्या लोकांकडे परत येतं आणि एवढंच म्हणतं, "सोडा." तोंडाकडचे दोर सोडतात. अंधार. संपलं.

हिमांशूला सगळं आवडलं होतं, फक्त एक गोष्ट पटत नव्हती. "ती उठून पलीकडे का जाते, सुलेखा? एवढी हिंमत अचानक कुठून आली? मला नटीला काहीतरी सांगता आलं पाहिजे."

तेव्हा मी त्याला आईची गोष्ट सांगितली. आईने ती आयुष्यात एकदाच सांगितली होती, लसूण सोलताना, माझ्याकडे न बघता. ती लहान असताना कन्नडकडच्या एका गावात मोठं लग्न होतं. आईच्या घरच्यांनी दोन दिवस सरपण आणि पाणी वाहिलं. जेवायला मात्र सगळ्यांत शेवटी, लांब, उकिरड्याजवळ. बुंदीचे लाडू संपत आलेले तिला दिसले आणि ती जाऊन पहिल्या पंगतीच्या टोकाला बसली. वाढप्याने लाडू वाढलासुद्धा. मग कुणीतरी ओळखलं. एका माणसाने तिची पत्रावळ उचलली, बाहेर मातीत पालथी केली आणि म्हणाला, "तिथं बसून खा." आईला त्या माणसाचा चेहरा आठवत नाही. तिला एवढंच आठवतं, की आख्खी पंगत बघत होती आणि चावत होती. कुणी खायचं थांबलं नाही.

"हे तुझ्यापाशीच ठेव," मी हिमांशूला म्हणाले. त्याचे डोळे भरून आले होते. मी त्या डोळ्यांवर भाळले.

आता आमच्या ग्रुपची एक रीत सांगायला हवी, कारण घात तिथेच झाला. पूर्वी मी प्रत्येक तालमीला पहिल्या रांगेत बसायचे आणि प्रत्येक वाक्याला नट माझ्या तोंडाकडे बघायचे. म्हणून मीच नियम काढला, की शेवटच्या बारा दिवसांत लेखिकेला हॉलमध्ये बंदी. सगळे चिडवायचे, "बाळंतिणीला बाळ बारशालाच दाखवायचं." नंतर मी थेट प्रयोगाला यायचे, प्रेक्षकांत बसायचे. त्यात मजा असायची. आपलंच मूल परक्यासारखं बघायला मिळायचं. इतकी वर्षं ही रीत आम्ही पाळली आणि एकदाही मला ती दाराला कान लावून मोडावीशी वाटली नाही. इतका विश्वास नवऱ्यावर टाकायला लोक कचरतात.

प्रयोग दुपारचा होता, एकांकिका स्पर्धेच्या पहिल्या फेरीतला शेवटचा, आणि निकाल लगेच लागणार होता. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि आईला घेऊन गेले. आई माझ्या एकांकिकांना सहसा येत नाही. "तुजं ते आभाळातलं मला कळत नाय," म्हणते. या वेळी मीच हट्ट केला. तिची गोष्ट मी तीस हजार वर्षं लांब नेली होती, एवढ्या लांबून तिला ओळख पटणार नाही पण काहीतरी आत हलेल, असा माझा हिशेब होता. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली. नाट्यगृह भरलेलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, "तोंडाकडचे. लेखिका सुलेखा." खाली बारीक अक्षरात दिग्दर्शक हिमांशू. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं.

दोर सुंदर झाला होता, ते मान्य करायला पाहिजे. साध्या कापडाच्या पट्ट्या आणि उजेड, आणि खरोखर तारा फिरतोय असं वाटत होतं. अमृता त्या बाईचं काम करत होती. आमच्या गल्लीतली मुलगी, मीच तिला ग्रुपमध्ये आणलेली. करपलेला चेहरा, वाकलेली पाठ. आई पुढे सरकून बघत होती.

मग पंगत बसली आणि यंत्राने पत्रावळ्या मांडल्या. पळसाच्या. तीस हजार वर्षांनंतर, मेलेल्या ताऱ्याजवळ पळस कुठे उगवला, हा पहिला विचार माझ्या मनात आला. दुसरा विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण यंत्राने थेंबाऐवजी लाडू वाढायला सुरुवात केली. अमृता उठली, पलीकडे जाऊन टोकाला बसली. शेपटीकडचा एक माणूस आला, त्याने तिची पत्रावळ उचलली, पालथी केली आणि म्हणाला, "तिथं बसून खा."

माझ्या शेजारी पुढे सरकलेली आई मागे टेकली.

आणि मग तो आला. शेपटीकडच्या पंगतीतला एक तरुण उठला, खुद्द हिमांशू, पांढऱ्या कपड्यांत. त्याने स्वतःचा लाडू मोडला. अर्धा अमृताच्या तळहातावर ठेवला, तिच्यासमोर मातीत बसला आणि म्हणाला, "मग मीही इथेच बसतो." मागून बासरी. अमृताने रडत रडत त्याच्या पायाला हात लावला. एकेक करून शेपटीकडचे उठले आणि खाली येऊन बसले. मुंडकं उडालं नाही. दोर कुणी सोडला नाही. सगळ्यांनी मिळून तो परत उचलला आणि पडदा पडला.

लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या. निवेदकाने लेखिकेला मंचावर बोलावलं आणि मी गेलेसुद्धा. पाय कुणाचे होते देव जाणे. पुष्पगुच्छ हातात आला, फोटो निघाला. त्या फोटोत मी हसतेय, याची मला आजही किळस येते.

रंगपटात हिमांशू कापसाने तोंड पुसत होता. अमृता कोपऱ्यात उभी होती.

"तुला माहीत होतं?" मी आधी तिला विचारलं.

"सर म्हणाले, सुलेखाताईंना विचारलंय," ती म्हणाली. "म्हणाले, त्यांनीच सुचवलंय."

हिमांशूने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "आधी शांत हो. तुझा शेवट कडवट होता. लोक काहीच न घेता घरी गेले असते. आज बघितलंस ना, कसे रडले?"

"कुणासाठी रडले?"

"म्हणजे?"

"माझ्या बाईसाठी रडले, का तुझ्या पोरासाठी?"

तो हळू आवाजात म्हणाला, "सगळे सारखे नसतात, सुलेखा. त्या पंगतीत एकालाही वाईट वाटलं नसेल? मी असतो तर उठलो असतो. मला ते दाखवायचं होतं."

"मग तुझ्या नावाने दाखवायचं. आणि आईची पत्रावळ? ती मी तुला एकट्याला सांगितली होती."

"त्यानेच तर प्रसंग खरा झाला. आणि नाव तुझंच ठेवलंय ना, मोठं करून? मी काय चोरलं?"

त्याला खरोखर कळत नव्हतं. लबाडाशी भांडता येतं, पण स्वतःच्या चांगुलपणावर लुब्ध झालेल्या माणसाशी कसं भांडायचं? त्याने मला बारा दिवस बाहेर ठेवलं, अमृताला खोटं सांगितलं आणि माझ्या आईच्या अपमानात स्वतःला मधोमध आणून बसवलं, पांढरे कपडे घालून. मी पुष्पगुच्छ त्याच्या टेबलावर टाकला आणि निघाले.

आई बाहेर पायऱ्यांवर उभी होती. दोन बायका तिला सांगत होत्या, तुमच्या लेकीनं काय लिहिलंय हो. आई मान डोलवत होती. आम्ही रिक्षात बसलो.

"म्या तुला एकलीला सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

"आई, ते मी लिहिलं नाही. पत्रावळ, लाडू, ते पोरगं, सगळं हिमांशूनं घातलं. मला आज कळलं."

"त्याला कुणी सांगितलं मग?"

खरं उत्तर तिला माहीतच होतं.

"पाटीवर तुजंच नाव व्हतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, तुला माझी लाज वाटली. म्हून तू ते गोड केलं."

"नाही गं आई."

"तिथं असं कुणी नव्हतं, सुलेखा. मी लई वेळ बघत बसले व्हते मातीतून, कुणी उठतंय का. आन उठलं तर कोण, आपला हिमांशू. आपल्याकडं जेवतो, म्हून त्यानं उष्टा लाडू दिला व्हय मला?"

मी तिचा हात धरायला गेले. तिने धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत.

क्रांती चौकाच्या सिग्नलला हिमांशूचा मेसेज आला. अंतिम फेरीत निवड झाली, परीक्षकांनी शेवटाचं विशेष कौतुक केलं, लेखिकेची परवानगी नव्याने द्यावी लागते तेवढी उद्या दे. मी तिथेच, हॉर्नच्या गोंगाटात त्याला फोन लावला.

"परवानगी देणार नाही," मी म्हणाले.

"सुलेखा, पोरांचा विचार कर. एवढी मेहनत केलीय त्यांनी."

"माझं नाटक कर, त्याला परवानगी आहे. माझा शेवट घे, आणि तू त्यात असायचं नाही."

"आता कसं बदलणार? निवड याच शेवटावर झालीय."

"मग नाही."

"तू फार ताणतेयस. आईंना तरी विचार, त्यांना आवडलं असेल."

मी फोन बंद केला. कॉलेजपासूनची दोस्ती एका सिग्नलला संपली होती आणि मला रडू येत नव्हतं, नुसती आग होत होती. त्यातल्या त्यात समाधान एवढंच होतं, की ते पोरगं पुन्हा मंचावर चढणार नाही. निदान एवढं तरी मी आईसाठी केलं, असं वाटलं.

रिक्षा सुटली. आई फोनवरचं सगळं ऐकत होती.

"म्हंजे आता ते नाटक होणार नाय?"

"नाही होणार."

"पुन्ना कुणी पाहणार नाय?"

"नाही."

तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. "आन आज ज्यांनी पाह्यलं, त्यांचं काय?"

नाट्यगृह भरलेलं होतं, आणि त्यातला प्रत्येक माणूस त्या पोराला सोबत घेऊन घरी गेला होता.