टाच टेकलीच नाही

मी एक जुना स्प्लिंट आहे, मित्रांनो. जुना म्हणायचं आपलं, खरं तर धड वापरलोच गेलो नाही. स्प्लिंट म्हणजे पायाला बांधायचा कडक प्लास्टिकचा साचा. दिसायला मी कुरूप आणि स्वभावाने त्याहून खडूस.

चिऊ चालायला लागली तीच चवड्यांवर. घरात त्याचं केवढं कौतुक! पाहुणे आले की आजोबा म्हणत, "चिऊ, चालून दाखव बरं!" ती तुरुतुरु चालायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. शाळेत मात्र त्याच चालीला मुलं हसू लागली. तिच्या पोटऱ्या दुखायच्या, धावताना ती तोंडावर आपटायची. मग दवाखान्यात तिच्या पायाचं माप घेऊन मला घडवलं. तिची टाच जमिनीला टेकवायची, एवढीच माझी नोकरी.

सकाळी आई माझे पट्टे आवळायची. कामाला जाताना आजोबांना बजावायची, "बाबा, कितीही रडली तरी सोडू नका हं." आईची पाठ वळली की चिऊ भोकाड पसरायची आणि आजोबांचा जीव तुटायचा. "मरू दे तो साचा! लेकराला कसलं जखडून ठेवायचं?" असं म्हणत ते पट्टे सोडायचे, की मी पलंगाखाली! संध्याकाळी आई यायच्या आधी मी पुन्हा पायावर. आई मला पुसताना म्हणायची, "गुणाचा आहे हो हा." अहो, कसले डोंबलाचे गुण! मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

चिऊ वाढत गेली, पोटऱ्या आखडत गेल्या. खेळात तिला कुणी घेईना. मैत्रिणीच्या वाढदिवसालाही ती पोट दुखतंय म्हणून घरीच बसली. मला फार वाईट वाटलं.

एका सकाळी आईने कितीही दाबलं तरी तिची टाच माझ्यात बसेना. डॉक्टर म्हणाले, "आता ऑपरेशनच करावं लागेल. हा रोज घालत होता ना?"

"रोज!" आई म्हणाली.

आजोबांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. आईने डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घेतली.

आज चिऊला ऑपरेशनसाठी नेलं. निघताना आजोबा म्हणाले, "माझं चुकलं गं. तुझं रडणं मला बघवायचं नाही."

चिऊने त्यांचा हात घट्ट धरला. "मग तिथे मी रडले, तर मला सोडवाल ना, आजोबा?"



मित्रांनो, कुणी चवड्यांवर चालत असेल तर त्याला हसू नका. आणि माझ्यासारखा एखादा खडूस तुमच्या नशिबी आला, तर त्याला खुशाल शिव्या घाला, पण पायावर राहू द्या.