दारातलं स्टूल

दुकानाच्या दाराशी गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासणाऱ्या गेटवालीचा दराराच असा, की शाळकरी पोरं तिच्यासमोर न सांगता खिसे उलटे करून दाखवत. एखादं पोर चोरी करताना सापडलं, की ती त्याला दारातल्या स्टुलावर उभं करी. चोरलेली वस्तू हातात, हात वर, पंधरा मिनिटं. येणारा-जाणारा बघून जाई. पोलिसांपेक्षा हे बरं, जन्माची अद्दल घडते, असं ती म्हणे. युक्ती तिचीच होती आणि तिला तिचा भारी तोरा होता.

त्या दुपारी मॅनेजर आतून आला तो तिच्याच मुलीचं बखोट धरून. दहा वर्षांची पोर. शाळा सुटली की दुकानाच्या मागच्या खोलीत बसायची आणि आईची कामाची पाळी संपली की तिच्याबरोबर घरी जायची. तिचं दप्तर गेटवालीने कधी उघडून पाहिलं नव्हतं. पोटची पोर, तिचं काय तपासायचं?

"मोज्यात होती," मॅनेजर म्हणाला आणि लाल नेलपॉलिशची बाटली टेबलावर ठेवली.

गेटवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय कमी केलंय गं मी तुला? दिवसभर इथे पायांचे तुकडे पाडून घेते ते कुणासाठी? बोल की. आता का दातखीळ बसली?"

"मागितली असती तर तू दिली नसतीस," पोर पुटपुटली.

ते खरं होतं, म्हणून गेटवाली जास्तच भडकली.

"मग, चढवताय ना?" मॅनेजरने स्टुलाकडे बोट केलं.

"साहेब, पैसे भरते मी. घरी नेऊन चांगली सोलून काढते."

"घरचं घरी. इथला नियम तुमचाच आहे. नाहीतर मला वर कळवावं लागेल, की गेटवरच्या बाईंची मुलगी रोज तपासणीशिवाय बाहेर पडते. मग काम गेलंच समजा."

हे तो इतक्या गोड आवाजात बोलला, की त्याचा गळा धरावा असं तिला वाटलं. पण नवरा कधीच परागंदा झाला होता आणि घरातली चूल या एका कामावर पेटत होती.

रांगेतली एक बाई पुढे आली. गेल्या महिन्यात तिचा मुलगा त्याच स्टुलावर उभा होता. "मी तुमच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं त्या दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही मला घड्याळ दाखवलंत."

गेटवालीने पोरीच्या काखांत हात घालून तिला स्टुलावर चढवलं.

पोरीच्या वर्गातल्या दोघी आल्या, थबकल्या, फिदीफिदी हसत आत गेल्या. गेटवाली पिशव्या तपासत राहिली, इतक्या रागाने की एकीच्या पिशवीचा बंद तुटून तिच्या हातात आला. राग मॅनेजरचा होता, त्या बाईचा होता, पोरीचाही होता. पण सगळ्यात जास्त होता तो स्वतःचा, हे स्टूल इथे आणून ठेवण्याचा शहाणपणा करणारीचा. कानाखाली वाजवायची तर कुणाच्या, हेच तिला कळेना.

पंधरा मिनिटं झाली. तिने दोन्ही हात पुढे केले. पोरीने ते धरले नाहीत. तिचे डोळे कोरडे झाले होते. आईच्या डोक्यावरून समोर रस्त्याकडे बघत तिने विचारलं, "मॅडम, उतरू का?"