सामाईक भिंत

पोपटवाल्याचे इस्त्री केलेले शर्ट त्याच्या दुकानातल्या हुकाला अडकवून मावशी वळली आणि तिचा हात सहज भिंतीला टेकला. तिने तो पटकन मागे घेतला, मग पुन्हा ठेवून पाहिला.

"भिंतीला ताप आलाय का रे तुझ्या?"

"तुमचीच कृपा, काकू," पोपटवाला पिंजऱ्यात दाणे टाकत म्हणाला. "पलीकडे तुमचा बॉयलर. उन्हाळ्यात माझे पोपट शिव्या घालतात तुम्हाला."

खरंच होतं ते. मूळचा गाळा एकच. कुणीतरी कधीतरी मध्ये पातळशी भिंत घालून त्याचे दोन केले होते. एकात लाँड्री, दुसऱ्यात पोपट, मासे, ससे. लाँड्रीत मावशीचं इस्त्रीचं टेबल याच भिंतीशी होतं आणि टेबलाखाली वाफेचा बॉयलर. पलीकडून या भिंतीला तिने इतकी वर्षं बोल लावले होते. अलीकडची बाजू आज पहिल्यांदा नीट पाहत होती.

भिंतीला लागून काचेची एक पेटी होती. तिच्यावर जुने पिंजरे रचून ठेवले होते, म्हणून आजवर ती दिसली नव्हती. आत हातभर लांबीचा एक सरडा मागच्या काचेला पोट लावून उभा चिकटला होता. हिरवा म्हणायचा तर हिरवा, पण राख पडल्यासारखा. पायांच्या बोटांवर जुनी कात सुकून दोऱ्यासारखी आवळली होती. दोन बोटं काळी पडली होती. खाली कोबीचं एक पान, वाळून कागद झालेलं.

"मेलाय का हा?"

"नाटकी आहे नुसता. कुणीतरी हौसेने नेला, तेव्हा एवढासा होता. वाढला तशी हौस फिटली, दिला आणून परत. आता याला गिऱ्हाईक नाही."

"आणि हा वरचा दिवा?"

"गेला. नवा आणून लावू कुठे? या कोपऱ्यात प्लग एकच, तो माशांच्या पंपाला. मासे खपतात, काकू." त्याने पेटीवर टिचकी मारली. सरड्याची एक पापणी हलली. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. हा तर कुंपणच सोडत नाही. दिवसभर तिथेच चिकटलेला. न्यायचा तर न्या तुम्ही. फुकट, पेटीसकट."

"मी कुठे नेऊ?"

"कुठे म्हणजे? घरी."

मावशीने रिकामे हँगर गोळा केले आणि ती बाहेर पडली.

घर भावाचं होतं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळकांडीत मावशीची खाट, खाटेखाली तिची पेटी. कुणी हात धुवायला निघालं की ती पाय जवळ घेई. आता पाय आपोआपच जवळ जात, झोपेतसुद्धा.

जेवताना तिने विषय काढला.

"वहिनी, शेजारच्या दुकानात एक सरडा आहे. हाल चाललेत बिचाऱ्याचे."

"सरडा?" भावजयीचा डाव भांड्यातच थांबला. "आणि ठेवणार कुठे, वन्सं? तुमच्या उशाला?"

"पेटी आहे त्याची. कोपराभर जागा पुरेल."

"कोपरे उरलेत कुठे या घरात?" भावजय हसली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "दया आली की आठ दिवसांपुरतं म्हणून आणतात हो माणसं. एकदा आलेलं मग जात नाही."

भावाने पाणी मागितलं. कुणी कुणाला वाकडं बोललं नव्हतं. गोष्ट सरड्याचीच चालली होती. नवरा गेला तेव्हा मावशी आठ दिवसांपुरतीच आली होती, एवढंच. तिने आपलं ताट घासलं, मग भावजयीचंही घासून पालथं घातलं.

सुट्टीच्या दिवशी लाँड्री बंद असे, पोपटवाल्याचं दुकान मात्र उघडं. भाजी आणायला म्हणून मावशी निघाली आणि पालेभाजीची एक जुडी घेऊन तिथे गेली. पिंजरे बाजूला करून तिने पेटीचं झाकण उचललं.

सरडा काचेवर नव्हता. तळाशी पसरून पडला होता, काळपट, डोळे मिटलेले. तिने एक कोवळं पान त्याच्या तोंडाशी धरलं. तो हलला नाही.

"अरे, याला काय झालं?"

"काही नाही हो. सुट्टीला असाच पडतो. उद्या दुपारपर्यंत बघा, चढेल परत काचेवर. सांगितलं ना, नाटकी आहे."

मावशीने भिंतीवर हात ठेवला. भिंत गार होती. तिने हात तसाच ठेवला. एक गिऱ्हाईक आलं, माशांचं खाद्य घेऊन गेलं, तरी तिचा हात तिथेच होता.

"काकू, नेताय का मग?"

"बघते," मावशी म्हणाली.

बघण्यासारखं फार नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिचं टेबल हलणार होतं. घामोळ्यांनी अंग सोलून निघतं, पाठ भाजते, म्हणून ती कित्येक वर्षं मालकांच्या मागे लागली होती की मला पुढे खिडकीपाशी जागा द्या. खिडकीतून रस्ता दिसे, येणारीजाणारी माणसं दिसत, वाराही येई. आत्ता कुठे मालक कबूल झाले होते.

सकाळी ती पोहोचली तेव्हा दोन हमाल दारात बसले होते आणि मालक खिडकीखालची जागा झाडून घेत होते.

"या, मावशी! आज तुमचा दिवस. बसा आता राणीसारख्या."

"मालक, माझी मागची जागा मोकळी होईल. तिथे एक काचेची पेटी ठेवली तर? शेजारचा सरडा आहे."

"मावशी, लोक लग्नाचे कपडे टाकतात आपल्याकडे. त्यात सरडा निघाला तर मला कुठे तोंड दाखवायचं?"

"पण बॉयलर? तो राहील ना मागे?"

"बॉयलर टेबलाबरोबरच जाणार. नाहीतर वाफ काय तोंडाने फुंकणार तुम्ही?"

हमाल हसले. त्यांनी टेबलाला हात घातला. मावशी भिंतीकडे बघत होती. वाफेने तिथला रंग केव्हाच सुटला होता आणि तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर एक तेलकट डाग पडला होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "इथेच बरं आहे."

"काय?" मालकांच्या हातातला झाडू तसाच राहिला. "अहो, खिडकी खिडकी करून डोकं खाल्लंत माझं! आता कुठे घोडं पेंड खातंय?"

"खिडकीत ऊन येतं. कपड्यांचा रंग उडतो."

समोरच्या उंच इमारतीमुळे त्या खिडकीत ऊन कधीच येत नसे. मालकांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा मावशीकडे.

"बाई, हलवायचं का नाही?" एका हमालाने विचारलं. "एकदा धरलंय."

"हलवा की. जरा मागे घ्या. अजून. त्या टोकाला बॉयलर भिंतीला टेकू दे."

टेबल करकरत मागे सरलं. आता टेबल आणि भिंत यांच्यामध्ये उभं राहायला पूर्वीपेक्षाही कमी जागा होती.

"आणि मालक, सुट्टीच्या दिवशी किल्ली माझ्याकडे असू द्या. काम साचतं."

"सुट्टीला? घरी काटे टोचतात का तुम्हाला?"

मावशीने नुसता हात पुढे केला. मालकांनी मान हलवली, जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

हमाल गेले. मावशीने बॉयलरचं बटण दाबलं आणि वाफ धरेपर्यंत ती पाठ टेकून उभी राहिली. भिंत अजून गारच होती.