हात वर असतानाचं माप

पार्लर दोघी बहिणींचं होतं आणि त्यात खुर्च्याही दोनच होत्या. एक थोरलीची, एक धाकटीची. धाकटी सेहेचाळीस वर्षांची झाली, तिला चष्मा लागला, तिची मुलगी कॉलेजात गेली, तरी गिऱ्हाइकं तिला धाकटीच म्हणत. तिच्या खुर्चीसाठी बायका महिना महिना थांबायच्या. केस थोरलीही चांगलेच कापायची, पण धाकटीने कापलेले केस तीन महिने वाढले तरी कालच कापल्यासारखे दिसायचे. हे थोरली स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायची, तेही जरा रागावूनच.

आणि आता धाकटीचा उजवा हात उठेना.

म्हणजे उठायचा, पण वर टिकायचा नाही. दहा मिनिटं खांद्याच्या वर धरला की करंगळीत मुंग्या सुरू व्हायच्या, मग बाकीची बोटं बधिर, मग कंगवा जमिनीवर. एकदा पडला, दोनदा पडला. तिसऱ्या वेळी कंगव्याऐवजी कात्री सुटली आणि एका बाईंच्या कानाला ओरखडा काढून गेली. बाई भल्या होत्या, हसल्या. थोरली हसली नाही.

"पुढच्या महिन्यापासून तू फोन घे आणि वेळा लिहून ठेव," संध्याकाळी केर काढता काढता ती म्हणाली. "एक मुलगी बघून ठेवलीय मी."

"आणि माझी खुर्ची?"

"खुर्ची तुझीच गं. फक्त तिच्यामागे दुसरं कुणीतरी उभं राहील."

थोरलीने हे मुद्दाम केर काढताना सांगितलं, म्हणजे धाकटीच्या तोंडाकडे बघावं लागू नये. धाकटीला ते कळलं, म्हणून ती भांडलीही नाही. डॉक्टरांना दाखवून झालं होतं. त्यांनी मानेचा फोटो काढला, हाडं ठणठणीत निघाली, मग त्यांनी वयाकडे बोट दाखवलं. काही सापडलं नाही की डॉक्टरमंडळींना रोग्याचं वय आठवतं. व्यायामाचा एक कागद मिळाला. त्यातला पहिलाच व्यायाम होता, हात वर करा आणि धरून ठेवा.

अशात एक दिवस पोहायला शिकवणाऱ्या बाई केस कापायला आल्या. धाकटी त्यांचे केस धुवायला वाकली, तसा तिच्या कुर्त्याचा गळा खांद्यावरून सरकला. बाईंनी खाली आडव्या पडल्या पडल्या वर बघितलं आणि ताडकन उठूनच बसल्या. पाणी सगळीकडे.

"अगं, हे काय? दोर बांधून विहिरीत सोडलं होतं का तुला?"

धाकटीच्या दोन्ही खांद्यांवर बोट बसेल एवढी खाच होती. ब्राच्या पट्टीची. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. अंगाने ती भरलेली, सोळाव्या वर्षापासून खाचा होत्याच. जड छातीच्या बाईला खाचा असायच्याच, नाकाला जसा चष्म्याचा वळ असतो तशा, असं तिने गृहीत धरलं होतं.

आणि प्रयत्न काय कमी केले होते? घरी एक अख्खा खण त्या प्रयत्नांनी भरला होता. वायरवाल्या ब्रा होत्या. हात वर केला की वायर सरकून काखेत टोचायची, आणि हात तर दिवसभर वर. पॅडवाल्या होत्या, ड्रायरच्या गरम हवेत त्या घालायच्या म्हणजे छातीला उशा बांधून चुलीपुढे उभं राहायचं. एकदा वैतागून तिने कात्रीच्या टोकाने वायरी उपसून काढल्या, तर काठी काढलेल्या तंबूसारखं सगळं खाली बसलं. वायर नको, पॅड नको म्हटलं की दुकानातली मुलगी एकतर शाळकरी पोरींचं काहीतरी दाखवायची, नाहीतर दया आल्यासारखं म्हणायची, "मॅडम, तुमच्या साइजला वायर लागतेच." मग धाकटी घरी येऊन आहे त्याच ब्राच्या खांद्याच्या पट्ट्या आणखी आवळायची. अख्खा जन्म आवळण्यात चालला होता.

"मापाच्या काकूंकडे जा," पोहण्याच्या बाई टॉवेलने तोंड पुसत म्हणाल्या. "आजच जा. फोन बिन करू नकोस, त्या उचलत नाहीत."

मापाच्या काकू एका बुकबाइंडरच्या वर, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. एक लांब टेबल, एक शिलाई मशीन, एक भिंतभर आरसा आणि मोठी खिडकी. समोरच्या भिंतीवर खिळ्यांना कागदी नमुन्यांचे जुडगे लटकत होते, शंभर तरी असतील. कुठल्याच जुडग्यावर नाव नव्हतं. धाकटीने जवळ जाऊन वाचलं. एकावर लिहिलं होतं "बेकरी". एकावर "ट्रक". एकावर "व्हायोलिन, डावा खांदा". एकावर नुसतं "जुळी".

सत्तरीच्या काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी साइज विचारलीच नाही.

"काय करतेस?"

"केस कापते."

"म्हणजे उभं राहून? हात वर?"

"दिवसभर."

"मग खाली सोडून काय उभी आहेस? कवायतीला आलीस का? वर कर."

धाकटीने हात वर केले. तीस वर्षांत कितीतरी दुकानांत तिचं माप घेतलं गेलं होतं आणि दर वेळी हात खाली, श्वास रोखून, पुतळ्यासारखं. काकूंनी श्वास आत घेऊन मोजलं, सोडून मोजलं, वाकवून मोजलं, वळवून मोजलं. मग मागे उभं राहून तिच्या खांद्यांवरच्या दोन्ही पट्ट्यांखाली एकेक अंगठा घातला आणि पट्ट्या फक्त खांद्यांवरून खाली सरकवल्या. समोर आरशात सगळंच्या सगळं खाली आलं.

"बघितलंस? हा खालचा पट्टा नुसता फिरायला आलाय. वजन त्याने धरायचं असतं. तुझ्याकडे ते या दोन पट्ट्यांवर लटकलंय, आणि तू त्या आणखी आवळतेस." काकू तिच्या मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या जागेवर बोट ठेवून थांबल्या. "मुंग्या इथूनच निघतात ना? करंगळीपर्यंत?"

धाकटीने हाताबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"अंघोळीच्या वेळी डोकं चोळतेस, तेव्हा हात वरच असतो. तेव्हा येतात मुंग्या?"

धाकटी आठवू लागली. न्हायची ती सावकाश, केस दाट, चांगली पंधरा मिनिटं जायची. रविवारी सकाळी घरच्या ढगळ सदऱ्यात, आत ब्रा न घालताच, मुलीच्या केसांना तेल लावायची, वेणी घालायची. एकदाही नाही. एकदाही हात बधिर झाला नव्हता, आणि हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं! डॉक्टरांनी यंत्रात घालून जे बघितलं नाही, ते या बाईने दोन अंगठ्यांनी आणि एका प्रश्नाने काढलं होतं.

"वायर टोचत असेल ना? मी घालतच नाही," काकू टाचण्या परत तोंडात घालत म्हणाल्या. "कापड नीट कापता आलं नाही की वायर घालतात. आणि वायर टोचली की स्पंज लावतात. शुक्रवारी ये. कात्री कंगवा घेऊन ये."

शुक्रवारी, म्हणजे नवी मुलगी यायच्या तीन दिवस आधी, धाकटी गेली आणि तिचं तोंड उतरलं. टेबलावर फिकट रंगाचं, कच्च्या दोऱ्याने टाचलेलं काहीतरी पडलं होतं. ना आकार, ना डौल. कुणाच्या तरी धुतलेल्या पिशवीसारखं दिसत होतं.

"ओढ," काकू म्हणाल्या.

धाकटीने आडवं ओढलं. थोडं सैल सुटलं. उभं ओढलं, तर एक दोराभरही हललं नाही. उलटून बघितलं. एकेक कटोरी चार तुकड्यांची होती, आणि प्रत्येक तुकडा कापडाच्या वेगळ्या दिशेने कापलेला. आत बाजूने बारीक जाळीचा एक पाळणा शिवला होता, तो थेट खालच्या पट्ट्यात उतरत होता. खांद्याच्या पट्ट्या मागे पाठीच्या कण्याकडे झुकलेल्या. कुठे वायर नाही, कुठे स्पंज नाही, सगळं मिळून मूठभर कापड. धाकटीने आयुष्यभर कात्री चालवली होती, त्यामुळे चांगला काप तिला कळायचा. तिला एकदम लाज वाटली, मनात पिशवी म्हटल्याची.

तिने ते घातलं.

"आता काम कर," काकू म्हणाल्या, आणि आरशासमोर स्टुलावर बसून त्यांनी आपल्या अंबाड्यातले आकडे काढले. पांढरे केस कमरेपर्यंत आले. "खांद्यापर्यंत काप. अकरा वर्षांत कुणाला हात लावू दिला नाही."

"काकू, वर काही घालू का?"

"घाल की. मग शिवण मला दिसणार कशी? दार लावलंय. इथे सगळ्या काम करून जातात. बेकरीवाली या टेबलावर कणीक मळून गेली. व्हायोलिनवालीने दोन तास वाजवलं, खालचा बाइंडर वर येऊन दाराबाहेरून टाळ्या वाजवून गेला."

धाकटीने केस ओले केले, भाग पाडले, कात्री लावली. पाच मिनिटं झाली नसतील तर काकू "थांब" म्हणाल्या. आरशात त्या आपल्या केसांकडे नाही, धाकटीच्या काखेजवळच्या शिवणीकडे बघत होत्या. तशाच ओल्या केसांनी उठल्या, दोन इंच उसवलं, दोन दोरे आत घेतलं, टाचलं, परत बसल्या. परत "थांब". "डावी बाजू अर्ध्या बोटाने मोठी आहे तुझी. सगळ्यांचीच एक असते, त्यात लाजण्यासारखं काय." परत उसवलं, परत टाचलं.

तिसऱ्यांदा "थांब" आलंच नाही.

खाली बाइंडरचं दाबयंत्र मधून मधून धप्प करत होतं. कात्री चालत होती. धाकटीने मागचा थर घेतला, मग मधला, मग कानाजवळचे केस. काकूंच्या डोक्याला मागे एक छानसा उंचवटा होता, त्याच्यावर केस कसे पडतील याच्यातच तिचं चित्त गेलं. कानामागे एक बट हट्टी होती, ती तिने तीनदा धरून बघितली. मान वळवून, वाकून, हात उंच धरून ती शेवटची टोकं जुळवत होती. सगळं जुळलं. तिने कंगवा फिरवला आणि सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

पाऊण तास झाला होता.

धाकटी श्वास धरून मुंग्यांची वाट बघू लागली. करंगळी हलवली, हलली. तिच्या शेजारचं बोट हलवलं. पाचही बोटं जिथल्या तिथे, गरम, तिची तिच्या ताब्यात. आरशात एक भरलेल्या अंगाची बाई हात वर करून उभी होती, खांदे खाली, मान लांब, आणि छाती जागच्या जागी, जणू तिला काही वजनच नव्हतं. हा हात वर्षभर रुसलाय, म्हातारा झालाय असं तिने मानलं होतं. तो कधी रुसलाच नव्हता. नुसता ओझ्याखाली उभा होता बिचारा. हे सगळं मूठभर कापडाने केलं, या तोंडात टाचण्या धरणाऱ्या बाईने केलं, यावर तिचा विश्वास बसत नव्हता आणि हात तर समोर वर होता.

"झालं ना? घे आता खाली," काकू म्हणाल्या.

"थांबा काकू. थोडा वेळ राहू दे."

टेबलावर तिचा फोन वाजला. पडद्यावर ताई. काकूंनीच तो उचलून धाकटीच्या कानाला लावला.

"अगं, ती मुलगी एप्रनचं माप विचारतेय," थोरली पलीकडून बोलत होती. "तुझाच देऊ का एक? तू काही आता..."

"ताई, तिला फोनवर बसव. खुर्चीमागे मी उभी राहणार."

"वेडी का गं तू? आणि हात?"

"वर आहे."

"कधीपासून?"

"पाऊण तासापासून."

पलीकडून थोरलीने नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. इकडे धाकटीचेही डोळे भरून वाहायला लागले होते. पुसायचं म्हटलं तर हात खाली घ्यावा लागला असता, म्हणून तिने ते तसेच वाहू दिले.